फौजीमामांचे कान

गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलानं घरात एक मशीन बसवलं. आत भिंतीवर एक लांबट पेटी आणि बाहेर गॅलरीत एक मोठी पेटी. उन्हाळ्यात खोली गार करतं आणि थंडीत गरम करतं, दोन्ही कामं एकाच मशीनची. मला काही ते पटलं नव्हतं, पण तुझ्या गुडघ्यांसाठीच बसवलंय म्हटल्यावर बोलायची सोय राहिली नाही. महिनाभर बरं चाललं आणि मग त्यातून आवाज यायला लागला. मुलानं फोन केला, माणूस आला. त्यानं विचारलं, कसला आवाज येतो? मुलगा म्हणाला, विचित्र येतो. सून म्हणाली, अधूनमधून येतो. आता विचित्र आणि अधूनमधून यावरून त्या बिचाऱ्याला काय कळणार? मग मीच सोफ्यावरून उठले, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि तोंडानं आवाज काढून दाखवला. "ग्यँऽऽ टक. ग्यँऽऽ टक टक. फुस्स."

नातवंडं हसून लोळली. तो माणूसही तोंड फिरवून हसला. मी मात्र तिथून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून घासलेलीच भांडी परत घासत बसले. मशीनच्या माणसापुढं उभं राहायचं, त्याच्या डोळ्यात बघायचं आणि ओठ नीट हलवून आवाज काढायचा, हे मला शिकवलं हौसाताईनं. तिला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तिच्याविषयी कुणी कुठं काही लिहायचं कारण नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं, जमेल तसं.

आम्ही साताऱ्याला राहायचो तेव्हाची गोष्ट, नव्वद सालच्या आसपासची. आमच्या आळीच्या तोंडाशी फौजीमामांचा गाळा होता. फौजीमामा म्हणजे हौसाताईचे यजमान. कोरेगावकडचं घराणं, तरुणपणीच सैन्यात गेलेले. फ्रिज, बर्फाची मशीनं दुरुस्त करायचं काम तिथंच शिकले आणि पेन्शन घेऊन आल्यावर गावी शेतात न जाता साताऱ्यात दुकान टाकलं. मागं दोन खोल्या, तिथं दोघं राहायची. मूलबाळ नव्हतं. फौजीमामा उंच, ताठ, मिशीला पीळ, आणि बोलणं अगदी मोजकं. हौसाताई त्यांच्या खांद्याच्याही खाली यायची. नऊवारी नेसायची, हनुवटीवर गोंदण, आणि हसली की सगळे दात दिसायचे.

तिच्या कानात काही नसायचं. सवाष्ण बाईचे असे भुंडे कान म्हणजे आळीतल्या बायकांना केवढा विषय. कुणी म्हणायचं, फौजीनं मोडून खाल्लं असेल. कुणी तोंडावर विचारायचं. ती हसून म्हणायची, "घासत्यात वं पत्र्याला." त्याचा अर्थ तेव्हा कुणाला लागला नाही आणि ती काही सांगायच्या भरीला पडली नाही.

काम आलं की दोघंही निघायची. जुनी स्कूटर होती. हे पुढं, ही मागं एका बाजूला, मांडीवर हत्यारांची पिशवी. आणि रस्ताभर ती नवऱ्याच्या खांद्यावर चापट्या मारत जायची. कधी डाव्या, कधी उजव्या. पोवई नाक्यापर्यंत गेली तरी चापट्या चालूच. आम्ही हसायचो, म्हणायचो की बाई माणसानं भर रस्त्यात असं नवऱ्याला बडवावं म्हणजे काय.

आमच्या घरी पहिल्यांदा आली ती आमचा फ्रिज बिघडला तेव्हा. तेव्हा फ्रिज म्हणजे बाहेरच्या खोलीत मान देऊन ठेवायची वस्तू, वर विणलेला रुमाल आणि त्यावर फुलदाणी. माझ्या सासूबाई कडक होत्या. शिळं ठेवायचं नाही म्हणून फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्या आणि देवाची फुलं एवढंच असायचं. तर फ्रिज आवाज करायला लागला आणि ही दोघं आली. मामा दारातच उभे. हौसाताई सरळ आत. पाणी मागितलं, फ्रिजला टेकून खाली बसली आणि सासूबाईंना म्हणाली, "आज्जी, आवाज कसा येतोय त्यो तोंडानं काढून दावा. ह्येंच्या म्होरं हुबं ऱ्हाऊन."

सासूबाई म्हणाल्या, फ्रिज आहे ना समोर, ऐका की. तर ही म्हणते, "न्हाई वं. मेस्त्री दिसला की मशीन गप बसतंय, डागदराम्होरं पोर बसतंय तसं. तुमीच काडा."

आणि आमच्या सासूबाईंनी, ज्यांनी आयुष्यात कुणापुढं तोंड वेडंवाकडं केलं नव्हतं त्यांनी, पदर सावरून आवाज काढला. म्हैस रवंथ करते तसा, आणि शेवटी एक जांभई. मी पडद्यामागं तोंडात पदर कोंबून उभी. मामांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. परेडवर असल्यासारखे ऐकत होते. म्हणजे मला तेव्हा ते ऐकणंच वाटलं. "ठीक है, माताजी," म्हणाले, आणि नेमके फ्रिजच्या मागच्या डाव्या पायाशी जाऊन बसले. तो पाय फरशीला टेकत नव्हता. लाकडाचा तुकडा सारला, झालं. हौसाताई तोवर फ्रिजला कान लावून माझ्याशी लोणच्याच्या गप्पा मारत होती. पुढं सासूबाई मरेपर्यंत म्हणायच्या की फौजी देवमाणूस आहे, पण बायको फार बोलकी, कामाच्या ठिकाणी कशाला घेऊन येतो कोण जाणे.

खरंच, ती सगळीकडं बोलत बसायची. आणि बोलता बोलता तिला भलतंच काही ऐकू यायचं. आमच्या शेजारी एक कुटुंब होतं, त्यांची नवी सून सारखी तक्रार करायची की फ्रिज रात्रंदिवस कण्हतो. ही दोघं गेली. हौसाताईनं फ्रिजला कान लावला, मग मांडी घालून सुनेशी बोलत बसली, कुठल्या गावची, आई काय करते, दसऱ्याला गेली होतीस का. बोलता बोलता मागं हात घालून तिनं मामांच्या पायाला काहीतरी खूण केली असावी. मामांनी फ्रिज उघडला, बंद केला आणि सासऱ्यांना सांगितलं, मशीन आठ दिवस बंद ठेवावं लागेल. हौसाताईनं लगेच सासूला पकडलं. "आता आठ दीस काम बी कमीच की. पाठवा पोरीला म्हायेरी. ह्यो फ्रिज आन ती, दोगं बी जरा इसावा घेत्याल." पोरगी माहेरी जाऊन आली. फ्रिज परत चालू केला तर अजिबात कण्हेना. सासू आळीभर सांगत सुटली की फौजींच्या हाताला गुण आहे. नंतर मी हौसाताईला विचारलं, काय झालं होतं गं फ्रिजला? म्हणाली, "फ्रिजला काय धाड भरलीया."

मला खरं कळलं ते एका खंडेनवमीला. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची, यंत्रांची पूजा होते हे तुम्हाला माहीतच आहे. सुतार करवत पूजतो, शेतकरी नांगर पूजतो, आणि आमचे हे ऑफिसातून येताना स्वतःच्या टाइपरायटरवरचं झेंडूचं फूल खिशात घालून आणायचे. मी नैवेद्याची वाटी घेऊन फौजीमामांकडं गेले. दार उघडंच होतं. पाटावर सगळं मांडलं होतं, पकडी, पाने, स्क्रू ड्रायव्हर, गॅस मोजायचं घड्याळ. मामा उघड्या अंगानं बसून एकेकाला हळदकुंकू लावत होते. सगळी हत्यारं झाली. आणि मग हौसाताई पदर मागं सारून त्या पाटाच्या कडेला बसली, हत्यारांच्या ओळीत. मामांनी तिच्या उजव्या कानाच्या पाळीला हळद लावली, कुंकू लावलं. मग डाव्या. एकेक झेंडूची पाकळी कानावर ठेवली आणि हात जोडले.

मी वाटी हातात घेऊन तशीच उभी. हौसाताईनं मला बघितलं. लाजली नाही. मामांची माझ्याकडं पाठ होती. मी खाकरले, हाक मारली, ते वळले नाहीत. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. खांद्यावरच्या चापट्या म्हणजे मागून गाडी येतेय, डावीकडून येतेय, उजवीकडून येतेय. तोंडानं आवाज काढा म्हणजे ओठ दिसू द्या. भुंडे कान म्हणजे फ्रिजच्या पत्र्याला लावता यावेत म्हणून रिकामे ठेवलेले. आणि फ्रिजला टेकून बसून गप्पा मारणारी ती बाई म्हणजे त्या दुकानातलं सगळ्यात महत्त्वाचं हत्यार.

मागच्या खोलीत नेऊन तिनं सांगितलं. मामांचं वर्कशॉप तोफांच्या सरावाच्या मैदानाला लागून होतं. कान तिथंच जात गेले आणि पेन्शनीत आल्यावर उरलेसुरले गेले. कानाचं मशीन लावून बघितलं, नुसता गोंगाट व्हायचा, ते डब्यात ठेवून दिलं. हाताला काम तेवढं एकच येतं आणि त्या कामाचा मान हेच त्यांचं जगणं. "आवाज बघाय भैरा मेस्त्री कोन बोलवंल वैनी? सांगा की. हसत्याल लोकं. आन ह्यो मानूस हसलेलं सोसायचा न्हाई. म्हनून मी ऐकती आन ह्यास्नी देती. कुनाला बोलू नगा."

मी नाही बोलले. आमच्या ह्यांनासुद्धा नाही.

पुढं ह्यांची बदली सांगलीला झाली आणि आम्ही बिऱ्हाड हलवलं. पत्रं लिहायची तिला सवय नव्हती, पण साताऱ्याहून कुणी आलं की तिच्या हातच्या चटणीची पुडी यायची. असं तीन-चार वर्षं चाललं. मग एकदा दुपारी दोघं स्वतःच दारात. हौसाताईला मी ओळखलंच नाही. अंगावरचं लुगडं दुसऱ्याचं असावं असं दिसत होतं. पोटात दुखतंय, साताऱ्याच्या डॉक्टरांनी मिरजेला दाखवायला सांगितलंय, म्हणाली. आमच्याकडं अख्ख्या मुलखाचं दुखणं शेवटी मिरजेलाच जातं.

तपासण्या झाल्या. निकालाच्या दिवशी मीही बरोबर गेले. डॉक्टर सज्जन होते, पण खाली मान घालून कागदावर लिहीत लिहीत बोलत होते. फौजीमामा समोर ताठ बसून त्यांच्या तोंडाकडं बघत होते आणि तोंड दिसतच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, गाठ पसरली आहे. आता ऑपरेशनचा उपयोग नाही. दुखणं कमी राहील एवढं बघू, थोडेच महिने हातात आहेत. मी पदर तोंडाला लावला. हौसाताई तशीच बसलेली, मान थोडी वाकडी करून, फ्रिजचं ऐकावं तशी.

बाहेर आल्यावर मामांनी विचारलं, "काय म्हनलं?"

ती त्यांच्यासमोर गेली, वर बघितलं आणि ओठ नीट हलवत म्हणाली, "औशिद घ्या म्हनलं. उन्हात फिरू नगा. अंगात रगत कमी हाय."

इतकी वर्षं तिनं जे ऐकलं ते त्या माणसाला जसंच्या तसं दिलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा नाही दिलं. मामांनी मान हलवली आणि तिच्यासाठी मोसंबी आणायला गेले. ते गेल्यावर ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली आणि मला म्हणाली, "वैनी, माझं ऱ्हाऊ द्या. ह्येंचं कसं?" मरणाबद्दल ती त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. तिला एकच घोर, आपण गेल्यावर ह्यांना आवाज कोण ऐकवणार. हे दुकान बंद पडलं तर हा माणूस चार दिवस जगणार नाही.

औषधांसाठी मग दोघं माझ्याकडंच राहिली, सांगलीला. मिरजेच्या फेऱ्या सुरू झाल्या. मिरजेत बाबूभाई म्हणून तंबोरे करणारे होते, माझ्या मुलीचा तंबोरा आम्ही त्यांच्याकडून घेतलेला. दवाखान्यात फार वेळ लागला की आम्ही त्यांच्या ओटीवर बसून डबा खायचो. एकदा बाबूभाई म्हणाले, घरातल्या फ्रिजला काहीतरी झालंय. चालू झाला की खोलीत कुणीतरी गुणगुणतं, बायको घाबरते. हौसाताईच्या अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं, पण हे ऐकून उठली. फ्रिजला कान लावला. मान हलवली. मग कान पुढं करून खोलीभर हळूहळू फिरली आणि कोपऱ्यात भिंतीला टेकवलेल्या एका तंबोऱ्यापाशी जाऊन थांबली. फ्रिज घूं करायला लागला की ह्या तंबोऱ्याची एक तार आपोआप घूं करत होती. बाबूभाईंनी कपाळावर हात मारला आणि मोठ्यांदा हसले. तारेवर बोट ठेवलं, आवाज बंद. "माझंच लेकरू गात होतं, आणि मी चोर फ्रिजला समजलो," म्हणाले.

आम्ही हसत होतो. मामांना काही कळलं नव्हतं. ते आमच्या चेहऱ्यांकडं बघत उभे. मग बाबूभाईंनी त्यांना दाखवावं म्हणून तंबोरा त्यांच्या हातात दिला आणि तार छेडली. मामांचा तळवा भोपळ्यावर होता. त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी हळूच मान वाकवून गालाचं हाड भोपळ्याला टेकवलं आणि डोळे मिटले. बाबूभाई तारा छेडत राहिले.

डोळे उघडून मामा म्हणाले, "हौसे, येतंय."

हौसाताई सांगलीला घरी आली आणि न टेकता त्यांच्या पिशवीतला लांब स्क्रू ड्रायव्हर काढला. आमच्या फ्रिजमागचं ते काळं मडकं असतं ना, कॉम्प्रेसर, त्याला टोक लावलं आणि मूठ मामांच्या दातांत धरायला दिली.

त्या दिवसापासून माझ्या घरात शाळा सुरू झाली. सकाळी मामा आंघोळीला गेले की ही मला हाताशी धरून माझ्या चांगल्या फ्रिजला दुखणी लावायची. कधी पायाखाली चमचा सारायची. कधी मागचा एखादा स्क्रू ढिला करायची. कधी जाळी भिंतीला टेकवून ठेवायची. मग मामा आले की म्हणायची, वळखा. मामा दातांत स्क्रू ड्रायव्हर धरून, पत्र्यावर तळवे ठेवून पोटावर पडायचे. ही खाटेवर पडल्या पडल्या बघायची. चुकले की चिडवायची. "आवं, ह्ये काय? फौजेत शिपाई व्हता का भटारी?" मी फ्रिजमध्ये दूध ठेवायचं सोडून दिलं होतं.

पहिले काही दिवस मामांनी केलं. मग एकाएकी करेनासे झाले. मुद्दाम चुकायला लागले. सोपंसुद्धा सांगेनात. ती चिडली. समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, ह्ये शिकाया पायजे तुमी. मामा खाली बघत म्हणाले, "कशापाय? तू हायस की."

मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता बघत होते. तिनं त्यांची हनुवटी धरून तोंड वर केलं, आपल्याकडं. "मला सातारला घरात बसून आराम करायचाय," म्हणाली. "लय वरसं हिंडली तुमच्यामागं. आता तुमी एकलं हिंडायचं, मी चूल बघनार. हाय का कबूल?" मामा बराच वेळ तिच्या ओठांकडं बघत राहिले. मग खाली वाकून स्क्रू ड्रायव्हर उचलला.

मामांचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, कारण शेवटी मला तिच्याविषयीच बोलायचंय. ती दिवाळीच्या आधी गेली, साताऱ्यात, स्वतःच्या खोलीत. मामांनी दुकान चालवलं. पुष्कळ वर्षं चालवलं. स्कूटर विकली आणि चालत जायला लागले. लोकांना हळूहळू कळलं असणार, पण कुणी त्यांच्या तोंडावर बोललं नाही. मी वर्षश्राद्धाला गेले होते तेव्हा त्यांच्यासमोर बसून, ओठ नीट हलवून म्हटलं, मामा, मिरजेला डॉक्टर काय म्हणाले होते ते आम्ही तुम्हाला सांगितलं नाही. ते म्हणाले, "वैनी, कान गेल्यात माझं. डोळं न्हवं." आणि थोड्या वेळानं, "तिला वाटत हुतं मला ठावं न्हाई. म्हनून मी बी तसंच ऱ्हायलो."

हं. तर दोघं सांगलीला आमच्याकडं होती तेव्हाची एक दुपार.

आमच्या मागच्या गल्लीत देशपांडेबाई राहायच्या, शाळेत शिकवायच्या. त्यांचा फ्रिज बिघडलाय असं मी सहज बोलले आणि हौसाताई म्हणाली, ह्येंला न्या. एकल्यांना न्या. तिला तोवर घरातल्या घरात चालतानासुद्धा भिंत धरावी लागत होती. तरी ऐकेना, मी येणार आणि बाहेर बसणार. आम्ही हळूहळू गेलो. देशपांडेबाईंच्या फाटकाशी एक कट्टा होता, त्यावर बसली. मला म्हणाली, "तुमी आत जावा, पर तोंड उघडू नगा. इशारा न्हाई, काय न्हाई. चुकलं तर चुकू द्या."

मामा आत गेले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. तिथून आत फ्रिज दिसत होता आणि बाहेर खिडकीतून ती, कट्ट्यावर, दोन्ही हात मांडीत घेऊन. मामा देशपांडेबाईंना म्हणाले, "बाई, आवाज तोंडानं काडून दावा. माझ्या म्होरं हुबं ऱ्हाऊन." आजवर हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ते तिचं वाक्य होतं. देशपांडेबाई आधी हसल्या, मग त्यांनी दात एकमेकांवर वाजवल्यासारखा आवाज काढला, कडकडकड. मामांनी ते नीट बघितलं. फ्रिज पुढं ओढला. मागं पोटावर पडले, स्क्रू ड्रायव्हर दातांत धरला, टोक मडक्याला लावलं, मग नळीला, मग परत मडक्याला. डोळे मिटलेले. फ्रिज कडकडत होता आणि तो माणूस त्या आवाजाच्या इतका जवळ होता, आणि तो आवाज त्याला सोडून आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता.

मग त्यांनी अंगठ्यानं एक तांब्याची नळी जरा बाजूला दाबली आणि मध्ये रबराचा तुकडा सारला. कडकड थांबली.

देशपांडेबाई त्यांच्या पाठीमागून म्हणाल्या, "थांबला की हो." मामांना ते कळलं नाही. त्यांनी मान डावीकडं वळवली. हौसाताई नेहमी त्यांच्या डाव्या अंगाला बसायची, आणि त्यांना कळायचं ते तिच्या चेहऱ्यावरून. तिथं देशपांडेबाईंची गव्हाची कोठी होती. मामा त्या कोठीकडं बघत राहिले. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मला वाटलं, आता हा माणूस मोडणार. मी हौसाताईला शब्द दिला होता म्हणून दाराची चौकट धरून गप्प राहिले. मग मामांनी परत स्क्रू ड्रायव्हर दातांत धरला, टोक नळीला लावलं. तळवा पत्र्यावर ठेवला. आणि उठून उभे राहिले, कपडे झटकले, कुणाकडंही न बघता म्हणाले, "थांबलाय."

देशपांडेबाईंनी चहा केला, मामांनी घेतला नाही. पिशवी उचलून जवळजवळ पळतच बाहेर आले. हौसाताईसमोर ताठ उभे राहिले आणि एका दमात सांगितलं की नळी मडक्याला घासत होती, वाकवली, मध्ये रबराचा तुकडा घातला. ती वर बघून हसली. सगळे दात दिसले. "लय झ्याक," म्हणाली, ओठ नीट हलवून. मग तिनं त्यांना हातानं खूण केली, व्हा पुढं, मी वैनींसंगं येते.

मामा पुढं निघाले. मी तिला उठवलं, तिनं माझा हात धरला. आम्ही चार पावलं मागं. मामांना मी आयुष्यात एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. पुढं बघतच सांगत होते, त्या नळीबद्दल, त्या रबराबद्दल, हात हलवून हलवून.

आणि ही त्यांच्या पाठीकडं बघत, आमटीत मीठ कमी पडलं सांगावं अशा साध्या आवाजात म्हणाली, "आवं, मला लय भ्या वाटतंय."

मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. तिच्या हाताचा चटका लागत होता.

"मला न्हाई जायाचं वं तुमाला टाकून. न्हाई जायाचं मला. कायतरी करा की."

पुढून मामांचा आवाज येत होता. "रबर चांगलं जाड घातलंय. आता वरीसभर तरी काय हुत न्हाई त्याला."

"व्हय," ती म्हणाली, त्यांच्या पाठीला. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि आवाज जराही हलला नव्हता.

गल्लीच्या कोपऱ्यावर मामा थांबले, आम्ही येतोय का बघायला मागं वळणार असं दिसलं. तिनं झटक्यात पदरानं तोंड पुसलं. ते वळले तेव्हा ती हसत होती, आणि हात वर करून त्यांना म्हणत होती, चला, चला, आलो आमी.